सासूबाईंच्या गुडघ्यांपासून सुरुवात करा

म्युनिकहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडं आटोपशीर करून देते.

“मुलांना फेब्रुवारीत फाशिंगची, म्हणजे इथल्या कार्निव्हलची, आठवडाभर सुट्टी असते. त्याच वेळी पुण्याहून सासूबाई आणि सासरे आमच्याकडे आलेले असतील. सासरे रेल्वेतून निवृत्त झाले, भुसावळला त्यांची बरीच वर्षं गेली. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउ शिखराच्या बाजूच्या दातेरी रुळांच्या गाड्या एकदा डोळ्यांनी पाहायच्या, ही त्यांची जुनी इच्छा. नवऱ्याला स्की करायचं आहे, मुलांना (वय 10 आणि 6) शिकायचं आहे, मी आजवर कधी केलेलं नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. आम्ही सगळे शाकाहारी, आणि त्यांना बाहेरचं जेवण सोसत नाही. चार जागा बघून ठेवल्या आहेत. एक, वेंगेनला स्टेशनच्या वरच्या अंगाला जुन्या लाकडी शॅलेमधलं घर, अडीच खोल्या, ‘6 जणांसाठी, स्टेशनपासून 8 मिनिटं’, बाल्कनीतून समोर युंगफ्राउ. दोन, वेंगेनलाच स्टेशनजवळचं हॉटेल, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून, सगळ्यात महाग. तीन, खाली लाउटरब्रुनेनला साडेतीन खोल्यांचं घर, सगळ्यात स्वस्त. चार, ग्रिंडेलवाल्डला नव्या टर्मिनल स्टेशनजवळचा फ्लॅट. नवऱ्याचं मन पहिल्या घरावर बसलं आहे. सासूबाई म्हणतात, ‘माझी काळजी करू नका गं, मी खिडकीत बसून बर्फ बघेन.’ कुठे राहावं?”

नमस्कार ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना मी चार जागांची तुलना करत होते. दुसऱ्यांदा वाचताना सासूबाईंच्या त्या वाक्यापाशी थांबले. तेच वाक्य, जवळपास त्याच शब्दांत, मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलेलं आहे.

गेली एकवीस वर्षं मी बर्नला राहते. आमची स्कीची पहिली सुट्टी ठरली तेव्हा आई साताऱ्याहून आली होती. गावाचं आणि घराचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा तो नाही. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘लिफ्टपासून 5 मिनिटं.’ सकाळी ते खरंच होतं, कारण सकाळी आम्ही उतरत होतो. दुपारी चारला तोच रस्ता चढायला पंचवीस मिनिटं लागायची. स्कीचा बूट घोट्यात वाकत नाही. टाच आपटत, पुढे झुकून, एखाद्या यंत्रासारखं चालावं लागतं. माझ्या एका खांद्यावर माझ्या स्की, दुसऱ्या हातात मुलीच्या, आणि मुलगी सात वर्षांची, दिवसभर पडून-उठून दमलेली. तिसऱ्या दिवशी तिनं वाटेतच बर्फात बसकण मारली. एक हातमोजा कुठेतरी पडला होता, बोटं लाल झाली होती. ‘आई, मला उचल,’ म्हणाली, आणि मला उचलता येईना, कारण हात रिकामा नव्हता.

आणि माझी आई? सात दिवसांत ती घराबाहेर दोनदा पडली. आलो त्या दिवशी, आणि निघालो त्या दिवशी. दारापासून रस्त्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या, कठडा नव्हता, छपरावरून ठिबकलेलं पाणी रात्री त्यांच्यावर गोठायचं. तिनं पोळ्या केल्या, आमचे मोजे रेडिएटरवर वाळवले आणि खिडकीशी बसली. ‘मला इथून सगळं दिसतंय,’ म्हणत राहिली. त्या सुट्टीचे फोटो माझ्याकडे आहेत. आईचा एकही फोटो घराबाहेरचा नाही.

तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे, तीच तुम्हाला सांगते. जागा निवडताना घरात ज्याचे पाय सगळ्यात कच्चे आहेत त्याच्यापासून सुरुवात करायची. तुमच्या घरात अशी माणसं दोन: सासूबाई, आणि सहा वर्षांचा धाकटा. तुमचे यजमान कुठेही राहिले तरी स्की करतील. त्यांना अर्धा तास लवकर उठावं लागेल, इतकंच. सासूबाईंना मात्र जागाच सगळं देणार किंवा नाकारणार आहे.

आता तिथला भूगोल एकदा नीट डोळ्यांसमोर आणा, कारण फोटोंतून तो कळत नाही. लाउटरब्रुनेन दरीच्या तळाशी आहे, साधारण 800 मीटरवर. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यांतल्या एकावरून श्टाउबबाख धबधबा जवळजवळ 300 मीटर खाली पडतो. वेंगेन त्याच दरीच्या वर, पूर्वेकडच्या कड्याच्या खांद्यावर, 1,274 मीटरवर. तिथे मोटारीचा रस्ताच जात नाही. गाडी खाली लाउटरब्रुनेनच्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि दातेरी रुळांच्या गाडीनं वर यायचं. आपल्या माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडतात तसंच, फक्त इथे घोडे आणि हमाल नाहीत. सामानासाठी विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या असतात, त्या बहुतेक हॉटेलांच्या. वेंगेनच्या वर क्लायने शाइडेग, 2,061 मीटर, आयगर शिखराच्या उत्तर कड्याच्या पायथ्याशी. आणि त्याच्या पलीकडे उतरलं की ग्रिंडेलवाल्ड, 1,034 मीटर, जिथे मोटारी आणि बस दोन्ही जातात. लाउटरब्रुनेन ते ग्रिंडेलवाल्ड ही व्हेंगर्नआल्पबान रेल्वे 1893 पासून धावते आहे. रूळ 800 मिलिमीटरचे, लांबी 19 किलोमीटरच्या वर, आणि सलग दातेरी रुळांची याहून लांब रेल्वे जगात दुसरी नाही. सासऱ्यांना हे बहुधा तुमच्याआधी माहीत असेल.

पहिल्या घराबद्दल सांगते. ते घेऊ नका.

बाल्कनी सुंदर असणार यात शंका नाही. पण वेंगेन हे उतारावरचं गाव आहे. स्टेशनला लागून जो मुख्य रस्ता जातो, दुकानं, हॉटेलं, मेनलिखेन डोंगरावर जाणाऱ्या रोपवेपर्यंत, तो बराचसा सपाट आहे. त्या रस्त्याच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला वळलात की चढ-उतार सुरू. ‘स्टेशनपासून 8 मिनिटं’ हे कुणाचे पाय, कोणते बूट, कोणत्या दिशेनं, यावर अवलंबून आहे. हिवाळ्यात तिथे डांबरही दिसत नाही, दाबून घट्ट झालेला बर्फ असतो आणि वर बारीक खडी टाकलेली असते. त्यावरून दुखऱ्या गुडघ्यांनी उतरणं हे चढण्यापेक्षाही अवघड.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. स्विस सरकारच्या नकाशा विभागाचं, स्विसटोपोचं, ॲप फुकट मिळतं. त्यात घराचा पत्ता टाका आणि स्टेशनपर्यंतच्या वाटेवर किती तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) ओलांडाव्या लागतात ते बघा. आल्प्समध्ये 1:25,000 च्या नकाशावर दोन रेषांमध्ये 20 मीटर उंची असते. म्हणजे एका रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलात की सहा-सात मजले चढलात. एकही रेष आडवी येत नसेल तर घर सासूबाईंचं. एक रेष असेल तर विचार करायचा. दोन असतील तर जाहिरात बंद करून पुढची उघडायची, फोटोत कितीही युंगफ्राउ दिसत असला तरी. गेली कित्येक वर्षं ओळखीच्या लोकांना मी एवढंच करायला सांगते, आणि दोन मिनिटांच्या या कामानं अख्खी सुट्टी वाचलेली पाहिली आहे.

त्या घराची दुसरी अडचण खोल्यांची. जर्मनीत राहत असल्यामुळे खोल्या मोजण्याची ही रीत तुम्हाला ओळखीची असेल, पण सुट्टीच्या घरांत ती जास्त फसवते. बैठकीची खोलीही खोली म्हणून मोजली जाते, आणि अर्धी खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून जेवायची जागा. म्हणजे अडीच खोल्यांत झोपायची खोली एकच. उरलेली चार माणसं बैठकीतल्या सोफ्यावर आणि बहुधा बोळात ठोकलेल्या दुमजली पलंगावर. सासू-सासऱ्यांना खोली दिली तर तुम्ही दोघं बैठकीत, आणि सासरे पहाटे पाचला उठून चहा टाकायला आले की तुम्ही जागे. साडेतीन खोल्यांत दोन बेडरूम मिळतात, साडेचारमध्ये तीन. तुमच्या सहा जणांना किमान साडेतीन हव्यात, आणि शौचालयं दोन असतील तर त्यासाठी थोडे पैसे जास्त मोजायला मागेपुढे पाहू नका. सकाळी साडेआठला चार माणसांना एकाच वेळी थर्मलचे कपडे चढवून बाहेर पडायचं असतं.

चौथी जागा, ग्रिंडेलवाल्डची. टर्मिनल स्टेशनवरून आयगर एक्सप्रेस सुटते. डिसेंबर 2020 ला सुरू झालेला हा रोपवे 15 मिनिटांत थेट वरच्या आयगरग्लेचर स्टेशनला नेतो. तुम्ही चौघं मोठे, चांगलं स्की करणारे असता तर मी डोळे मिटून हीच जागा सांगितली असती. पण नवशिक्या मुलांचा उतार, बोडमी, हा गावाच्या वरच्या बाजूला आहे, आणि टर्मिनल खालच्या बाजूला. रोज सकाळी दोन मुलं, दोन जोड्या स्की आणि बस. शिवाय फ्योन नावाचा दक्षिणेचा उबदार, जोरदार वारा त्या दऱ्यांतून सुटतो तेव्हा तारांवर चालणारे रोपवे बंद ठेवावे लागतात. रुळांवरची गाडी अशा दिवशीही सहसा चालू राहते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी रुळांजवळ राहावं, असं माझं मत आहे.

तर मग वेंगेनच का, हे सांगते. तिथे शिकणाऱ्यांचा उतार गावाच्या मध्यात आहे. सहा वर्षांचा मुलगा पहिले दोन-तीन दिवस डोंगरावर जातच नाही. तो एका जवळजवळ सपाट मैदानात, छोट्या लिफ्टच्या आधारानं, पिझ्झाच्या तुकड्यासारखे स्कीचे शेंडे जवळ आणून थांबायला शिकतो. हे सगळं गावातल्या रस्त्यावरून दिसतं. सासूबाईंना सपाट वाटेनं तिथवर येता आलं, तर नातू पहिल्यांदा न पडता खाली आला तो क्षण त्यांच्या डोळ्यांसमोर घडेल, आणि तो वर बघेल तेव्हा आजी तिथे असेल. माझ्या मुलीनं त्या आठवड्यात असंच वर पाहिलं होतं, आणि तिथे कोणी नव्हतं.

वेंगेनला ऊनही चांगलं मिळतं. खालच्या दरीत, कड्यांमुळे, हिवाळ्यात सूर्य थोडाच वेळ येतो. घरात बसणाऱ्या माणसाला ऊन किती लागतं ते पुण्याहून आलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी कळतं. सकाळी मळभासारखं, दुपारी दोनला पुन्हा सावली, आणि मन उगाच जड होतं. म्हणून कुठलंही घर घ्या, मालकाला विचारा की फेब्रुवारीत बैठकीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं. तिथल्या लोकांना हा प्रश्न मुळीच विचित्र वाटत नाही. ते मिनिटासकट सांगतात.

म्हणून माझी पहिली पसंती तुमच्या यादीत नसलेली आहे. वेंगेनमध्येच, मुख्य रस्त्याच्या पातळीवर, साडेतीन किंवा साडेचार खोल्यांचं घर. शॅले नसलं, साध्या इमारतीत असलं, बाल्कनीतून समोरच्या इमारतीचं छप्पर दिसलं, तरी चालेल. युंगफ्राउ बघायला दाराबाहेर दहा पावलं चालायची आहेत आणि ती सासूबाईही चालू शकतील. इमारतीला लिफ्ट असेल तर उत्तम. वरच्या मजल्याचं, ऊन येणारं घर लिफ्टशिवाय घेण्यापेक्षा तळमजल्याचं घ्या.

असं घर मिळालं नाही तर? फाशिंगच्या आठवड्याला तुमच्या अख्ख्या बायर्न राज्याची मुलं सुटतात, आणि फेब्रुवारीभर स्विस कँटनांच्या (तिथल्या राज्यांच्या) शाळांच्या क्रीडा-सुट्ट्या पाळीपाळीनं चालू असतात. त्यामुळे ही शक्यता खरी आहे. तेव्हा दुसरा पर्याय हॉटेलचा, पण सात रात्रींऐवजी पाच रात्री. घरं शनिवार ते शनिवारच देतात, हॉटेलांत बहुतेक वेळा तसं बंधन नसतं. हॉटेलचा माणूस स्टेशनवर सामान घ्यायला येतो, उंबऱ्यापर्यंत बर्फ झाडलेला असतो, स्कीच्या खोलीत बूट वाळवायची गरम नळकांडी असतात. ओल्या बुटात सकाळी पाय घालावा लागणं म्हणजे काय ते मुलांना विचारा. पण जेवणाचं आधी लिहून घ्या. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलंत तर पाच दिवस चीजचे पाच प्रकार समोर येतील. ग्र्युयेर आणि एमेंटालसारखी पारंपरिक चीज रेनेटनं, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणानं, विरजतात, फोंड्यूत (वितळवलेल्या चीजमध्ये) पांढरी वाइन आणि वर बहुधा किर्श ही चेरीची दारू घातलेली असते, आणि किसलेल्या बटाट्याच्या रोश्टीत किंवा बटाटे-मॅकरोनीच्या आल्प्लरमागरोनेनमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे न सांगता पडतात. तुमच्या घरी हे किती काटेकोर पाळतात ते तुम्हाला ठाऊक. सासूबाईंना ताटात काय आहे ते विचारावं लागू नये, एवढं आधीच करून ठेवा. साधा भात, उकडलेल्या भाज्या, दही आणि सूप रोज मिळेल का, एवढंच विचारलंत तरी हॉटेलं आनंदानं करतात. दही तिथे अप्रतिम असतं.

लाउटरब्रुनेनचं घर मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवते, पण ठेवते. स्टेशन जवळ, वाट सपाट, मोटार दारात किंवा जवळच, खोल्या पुरेशा, भाडं कमी. उणीव अशी की गावात बर्फ असेलच असं नाही, ऊन कमी, आणि रोज सकाळी सगळ्यांनी गाडीनं वर जायचं. तिथला स्की पास घेतलेल्यांना त्या रेल्वेचं वेगळं तिकीट काढावं लागत नाही. सासू-सासऱ्यांना मात्र लागेल, त्यामुळे त्या स्वस्त घराच्या हिशेबात दोघांचे आठवडाभराचे जाण्या-येण्याचे पैसे धरा. स्की न करणाऱ्यांसाठी पायी फिरणाऱ्यांचे पास असतात, त्यांची चौकशी करा. ते धरूनही हेच घर स्वस्त पडत असेल, आणि पैशांची खरोखर ओढ असेल, तर मनात काही न ठेवता घ्या. भाड्याच्या दुकानांत, लिफ्टजवळ, स्की आणि बूट रात्री ठेवायची सोय पैसे देऊन मिळते. ती घेतलीत तर रोज साध्या बुटांत, मोकळ्या हातांनी प्रवास होईल आणि धाकट्याचा हात धरता येईल. ही सोय तर कुठेही राहिलात तरी घ्याच.

आता स्वयंपाक. सासूबाईंचं पोट ज्यावर अवलंबून आहे त्या कुकरबद्दल नीट ऐका. या घरांतून गॅसची शेगडी जवळजवळ नसतेच. काचेचा सपाट ओटा असतो, आणि नव्या घरांत तो इंडक्शनचा. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. पुण्याहून आणलेला कुकर ओट्यावर ठेवायचा, बटण दाबायचं, आणि ओट्यानं नुसतं टींटीं करायचं, हे मी पाहिलेलं आहे. कुकरच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघा, चिकटत नसेल तर म्युनिकमधून स्टीलचा घेऊन जा. आणि कुकर न्याच, कारण वेंगेनच्या उंचीवर पाणी साधारण 96 अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. छोले-राजमा तर विसराच. गावात स्टेशनजवळ किराणा दुकान आहे. दूध, दही, भाज्या, बटाटे, तांदूळ, सगळं मिळेल. डाळ, पोह्यांचा डबा, गोडा मसाला आणि पोळपाट-लाटणं बरोबर असू द्या. तवा तिथे मिळत नाही, सपाट पॅनवर पोळी नीट भाजली जाते. आणखी एक, शौचालयात पाण्याचा पाइप नसणार, एक प्लास्टिकचा मग सामानात टाका. सासूबाई हे तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

मात्र घरी स्वयंपाक म्हणजे सासूबाईंनी सुट्टीभर ओट्याशी उभं राहणं असा अर्थ होऊ देऊ नका. सकाळी कुकर लावायचा तो यजमानांनी. तुम्ही पहिल्या दिवशी मुलांबरोबर शिकायला जाणार आहात, आणि ते व्हायलाच हवं.

सासऱ्यांचा दिवस सोपा आहे, त्यांना गाड्या आहेत. सासूबाईंसाठी मी हे सुचवेन. मेनलिखेनचा रोपवे गावातूनच सुटतो आणि काही मिनिटांत वर नेतो. वर उपाहारगृह आहे, उन्हात बसायला बाकं आहेत, आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिघं ओळीनं समोर. तिथून क्लायने शाइडेगपर्यंत हिवाळ्यात चालायची वाट तयार ठेवतात. ती सासऱ्यांना जमेल, सासूबाईंना नको. त्यांनी रोपवेनं परत गावात उतरून गाडीनं शाइडेगला यावं. यजमान स्कीवरून, सासरे चालत, तुम्ही मुलांना घेऊन गाडीनं, असे सगळे दुपारी एकला तिथे भेटा. एकाच टेबलाशी, सूप आणि घरून आणलेल्या पोळीच्या गुंडाळ्या. माझी आई दुसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही हे केलं. समोर आयगरचा कडा होता आणि ती मुलीच्या ओल्या टोपीवरचा बर्फ झटकत होती. तो फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे.

युंगफ्राउयोखला, 3,454 मीटरवर, न्यायचं की नाही हे सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर नुसत्या उत्साहावर नेऊ नका. ती रेल्वे बांधायला 1896 ला सुरुवात झाली आणि वरचं स्टेशन 1912 ला उघडलं, तेव्हा त्यांना जावंसं वाटणं स्वाभाविक आहे. त्याचं तिकीट वेगळं आणि महाग असतं, आणि ढगाळ दिवशी ते वाया जातं. म्हणून आधीपासून तारीख बांधून घेऊ नका. सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघून निघा.

भाड्याच्या आकड्याला जोडून येणारे खर्च एकदा एकत्र लिहा: शेवटची सफाई, चादरी-टॉवेल, दर माणशी दर रात्रीचा पर्यटन कर, लाउटरब्रुनेनचं आठवड्याचं पार्किंग. मगच घरं आणि हॉटेल शेजारी ठेवून बघा. अंतर तुम्हाला वाटतंय तेवढं राहणार नाही. सासू-सासऱ्यांचा व्हिसा हातात येईपर्यंत जे रद्द करता येईल तेच बुक करा. आणि सासू-सासऱ्यांच्या नव्हे, तुमच्या चौघांच्या विम्यात हिवाळी खेळ आणि हेलिकॉप्टरनं उचलून नेण्याचा खर्च धरला आहे का, ते पॉलिसी उघडून वाचा. तिथे डोंगरातून जखमी माणसाला रेगा या हवाई बचावसेवेचं हेलिकॉप्टर आणतं, त्यांचा नंबर 1414. सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

राहता राहिले यजमान. त्यांना बाल्कनी हवी आहे, आणि त्यात चूक काही नाही. वर्षभर कामाच्या रगाड्यातून सुटून माणसाला डोंगरासमोर कॉफी घेऊन बसावंसं वाटणारच. त्यांना ‘तुमचं घर नको’ म्हणू नका. नकाशा उघडून रेषा मोजायला त्यांनाच बसवा. आपल्या आईला ती वाट दिवसातून दोनदा चढायची आहे हे त्यांनी स्वतःच्या बोटानं मोजलं, की पुढचं तुम्हाला बोलावंच लागणार नाही.

मग घरमालकांना फोन करा. तुम्हाला जर्मन येतं, तर ईमेलपेक्षा फोन बरा. स्टेशनपासून दारापर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का, सकाळी बर्फ कोण काढतं आणि किती वाजता, ओटा इंडक्शनचा आहे का, सगळ्यात मोठं पातेलं केवढं, सहावा पलंग नेमका कुठे आहे, स्की ठेवायची खोली गरम असते का. आणि सरळ सांगा की बरोबर गुडघे दुखणाऱ्या आजी आहेत. त्या गावांतली घरं पुष्कळदा तिथल्याच कुटुंबांची असतात, आणि त्यांच्याही घरात आजी असतात. मला एकदा एका बाईंनी फोनवर सांगितलं होतं, ‘आमचं घर तुमच्या आईला नको, मी माझ्या बहिणीचा नंबर देते, तिचं रस्त्यालगत आहे.’ ते घर आम्ही पुढे चार हिवाळे घेतलं.

हा अंक तुमच्या हाती शनिवारी पडेल. उद्या नका, सोमवारी सकाळी नऊनंतर करा. रविवारी तिथे कामाचा फोन कुणाला आवडत नाही.